काकांनी जपलेलं टेबल

ती. आत्यास,

नमस्कार. गुडघा काय म्हणतो? डॉक्टरांनी जिना बंद सांगितला आहे, म्हणजे तू दिवसातून दोनदाच चढत असशील असं धरून चालते. मी बरी आहे. बिघडला आहे तो प्रयोग, आणि तो तुझ्या धाकट्या भावाच्या, म्हणजे काकांच्या, दवाखान्यात बिघडला आहे.

आमच्या प्रयोगशाळेने एक लेप केला आहे. खोलीतल्या दिव्याचा उजेड त्यावर पडत राहिला की वरचे जंतू मरतात. अंधारात तो नुसता रंग. दवाखान्यात बाकांजवळ दोन सारखी टेबलं ठेवली, एक लेपाचं, एक साधं, प्रत्येकावर एक दिवा. (काकांनी लगेच विचारलं, "दिवसभर दिवा? वीज कंपनी आपल्या वडिलांची आहे का?" लहानपणापासून खोलीतून उठताना हेच ऐकल्यामुळे लागलं नाही.) दर सोमवारी मी दोन्हींवरून नमुने घेते आणि जंतू मोजते. सहा आठवडे लेपाच्या टेबलावरच जास्त निघाले. प्रयोगशाळेतल्या साहेबांनी आकडे पाहून फक्त चष्मा पुसला. महिनाअखेरपर्यंत सुधारणा नाही तर काम बंद, आणि माझी नोकरी त्या कामापुरतीच आहे.

गुरुवारी विसरलेली छत्री आणायला गेले, तर लेपाच्या टेबलावर जाड, फुलाफुलांचं कापड. चरे पडू नयेत म्हणून पहिल्या दिवसापासून घातलेलं. सोमवारी मी यायच्या आधी काका ते घडी करून कपाटात ठेवतात, पाहुण्यांसाठी सोफ्याचं कव्हर काढावं तसं. मी म्हटलं, हे जंतूंना पांघरूण झालं. ते म्हणाले, "एवढं महागाचं टेबल उघडं टाकायचं? लोक पिशव्या आपटतात." कापड अजून तिथेच आहे.

तुझी भाची
(सध्या नोकरीत)

ता. क. गुडघ्याची चौकशी खरी आहे, पण पत्राचं कारण हे की काका फक्त तुझं ऐकतात. फोन करून कापड काढायला लाव. समजावत बसू नकोस, थेट ओरड.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवणार तोच दवाखान्यातल्या नर्सबाईंचा फोन आला. लेपाच्या टेबलावरचा दिवा आठवडाभर बंद असतो. त्याचं बटण दाराशी आहे आणि दर सोमवारी निघताना मीच ते बंद करते. (हात आपोआप जातो. गुरुवारी मी कापडाच्या वर पाहिलंच नाही.) काकांनी सगळ्यांना बजावलं आहे, "मॅडमनी बंद केलाय, प्रयोगाचा भाग असेल, कुणी हात लावायचा नाही." पुढच्या सोमवारी नमुने घेताना मला नीट दिसावं म्हणून काका तेवढ्यापुरता लावतात. तेव्हा कापडाबरोबर दिव्याचंही सांग. मी तो नुसत्या सवयीने बंद करते, हे मात्र काढू नकोस. त्यांना फार आनंद होईल.