बेडूक गाडीच्या आकाराचा हक्क

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एक्क्याऐंशी, मोटारींचे आकार घडवण्याच्या कामातून निवृत्त, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. धाकट्या भावाला तो तरीही पटणार नाही.

१. राहते घर आणि बँकेतील शिल्लक मुलगा व सून यांना समसमान. आजारपणात सुनेने माझे जेवढे केले, तेवढे पोटच्या पोराने केले नाही. हे त्यालाही मान्य आहे.

२. आमच्या कंपनीच्या विक्री विभागाच्या माजी प्रमुखांनी मी घडवलेल्या गाडीला भर बैठकीत 'बेडूक' म्हटले होते. बेडूक धडाक्यात खपला. आता ते ती कल्पना स्वतःचीच असल्याचे सांगत फिरतात. त्यांना काही नाही.

३. बेडकाच्या आकाराचा हक्क करारानुसार माझ्याकडे आहे. कंपनीला तीच गाडी नव्याने काढायची आहे आणि ते काम माझ्या मुलीकडे आहे. काल तिने मातीचा नमुना दाखवला. दिवे तेच, पण नाक आत दाबलेले, कोपरे घासून गुळगुळीत.

"बाबा, ही तुमचीच गाडी आहे."

"माझी असती तर निम्म्या लोकांनी नाकं मुरडली असती. हिला कोण नावं ठेवणार?"

शिवाय माझ्या दारातल्या गाडीची मापे घेताना डाव्या चाकाच्या वरच्या पत्र्यावरची पुसट खोलगट रेघही कंपनीच्या लोकांनी भक्तिभावाने नमुन्यात उतरवली, तीही दोन्ही बाजूंना! ती रेघ माझी नव्हे. मुलीच्या आईने शिकताना गाडी फाटकाला घासली होती. ती वारल्यावर ती रेघ बुजवायला माझा हात धजला नाही.

हे सांगितल्यावर मुलगी आधी हसली, मग रडवेली झाली. "म्हणजे परवानगी नाही देणार? माझी नोकरी पणाला लागलीय, बाबा."

तो हक्क मी कंपनीला नव्हे, तिला एकटीला देत आहे. तिच्याशिवाय आता त्यांचे पान हलणार नाही. अट एकच. बेडूक घडवताना मी माझ्या गुरूंचा नमुना मोडून त्याचीच माती वापरली होती, आणि ते वर्षभर माझ्याशी बोलले नव्हते. तिनेही अशी गाडी काढावी, की मी हयात असतो तर ती पाहून घर डोक्यावर घेतले असते. तिला ते जमेल, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, दोन जागी खोडला, पुन्हा तोच लिहिला आणि साक्षीदारांदेखत सही केली.

(सही) मुलीचा बाप

साक्षीदार :
१. शेजारचे दंतवैद्य (सही)
२. कोपऱ्यावरचे गॅरेजवाले (सही)

ठिकाण : राहत्या घराची मागची खोली
दिनांक : ९ मार्च