खालची हवा

मोंबासा, ४ मार्च २००९

ती. कोबिलोआत्यास,
सा. न. वि. वि.

कॉलेजच्या दोनशे मीटरच्या शर्यतीत मी दुसरी आले, पण आपल्या गावी, इटेनला पळायचे त्यापेक्षा तीन दशांश सेकंद हळू. वाटलं, इथला नारळातला भात खाऊन सुस्तावले. बाबा हसतील ते वेगळंच. त्यांच्या लेखी दोनशे मीटर म्हणजे सुटलेलं वासरू धरणं!

सरांनी समजूत घातली. म्हणाले की आपल्या डोंगरावरची विरळ हवा थोडं अंतर पळणाऱ्याला फारशी अडवत नाही, म्हणून मी तिथे जोरात पळते. लांबच्या शर्यतीत मात्र उलटं, छातीला हवा पुरत नाही. इटेनला दहा हजार मीटर पळणारा समुद्रकाठी दीड मिनिट तरी आधी पोचेल.

आत्या, तेव्हापासून बाबांची ती शर्यतच डोक्यात आहे. धावपटूंच्या शिबिरासाठी मुलं निवडायला आलेल्या माणसाच्या कागदावरची दहा हजार मीटरची वेळ बाबांची चाळीस सेकंदांनीच हुकली होती ना? तो कागद समुद्रकाठच्या शर्यतींवरून केलेला, असं तूच सांगायचीस. आणि बाबा पळाले आपल्या डोंगरावर! दुसऱ्या दिवसापासून त्यांनी धावणं सोडलं ते सोडलंच. हे त्यांना सांगू का? वीस वर्षांनी खपली निघेल याची भीती वाटते. तू म्हणशील तसं करीन.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी
जेलागत


इटेन, १३ मार्च

चि. जेलागतला,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी वाटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. पण तुझा बाप चहाला आला आणि मी डोळे पुसत बसलेली. मग काय, वाचूनच दाखवलं. किमाइयोने उभ्याउभ्या ऐकलं, शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचायला लावला आणि चहा न घेताच निघून गेला. मी स्वतःला शंभर शिव्या दिल्या.

त्या दिवशी सगळ्या पोरांची वेळ आम्ही त्याच कागदाशी ताडून पाहिली होती, बाई. आम्हाला डोंगराखेरीज हवा ठाऊकच कुठे होती!

दोन दिवसांनी स्वारी लाल मातीच्या रस्त्यावर पळताना दिसली. पाणी भरणाऱ्या बायका विचारत होत्या की किमाइयोची गाय हरवली का. आता येत्या शुक्रवारच्या बसने तिकडे येतोय. म्हणतो, लेकीला बघायला. तू विश्वास ठेवू नकोस, पिशवीत बूट आहेत. सोबत घरच्या आंबवलेल्या दुधाची, मुरसिकची तुंबी दिलीय. वाटेत संपवली तर मला कळव.

दोघं जपून राहा, आत्याला विसरू नका.
कोबिलो


मोंबासा, २३ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

रविवारी उन्हं तापायच्या आत बाबा मैदानावर दहा हजार मीटरच्या पंचवीस फेऱ्या पळाले. घड्याळ माझ्या हातात होतं. सुरुवातीला मला संकोच वाटत होता, कारण शेजारी पोरं फुटबॉल खेळत होती. दहाव्या फेरीनंतर ती खेळ सोडून टाळ्या वाजवू लागली. मी मात्र रडतच मोजत होते, त्यामुळे एका फेरीचा घोळ झाला असेल, तर बाबांना सांगू नकोस.

संपल्यावर मी वेळ सांगायला गेले, तर त्यांनी घड्याळावर हात ठेवला. वेळ नको म्हणाले. मग गवतावर बसून, माझा हात आपल्या छातीवर धरून, लहान मुलासारखे रडले. म्हणाले की वीस वर्षं त्यांना वाटत होतं, खोट याच छातीत आहे.

तुझ्याच आशीर्वादातली,
जेलागत