कंट्रोलचं रक्त

४ मार्च, मंगळवार
ती नवी मुलगी आमच्या लॅबमध्ये येऊन महिना झाला. डॉक्टरबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हिची नजर बघा!" माझी नजर काय बावीस वर्षं झोपा काढत होती? अंगाचा नुसता तिळपापड!

६ मार्च, गुरुवार
एका पोस्टमनची तपासणी. दात काढला तर दोन दिवस रक्त थांबेना, आणि आता पित्ताशयाचं ऑपरेशन आहे. प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, मोजायला भरपूर, पण एकमेकींना चिकटतात का ते बघायचं. चिकटल्या की यंत्रावर रेष चढते. शेजारी निरोगी माणसाचं रक्त लावतात – कंट्रोल. आमच्याकडे ते कायम माझंच. मला त्याचा अभिमान आहे, हसायचं त्याने हसावं!

नवीने यंत्र लावलं. दोन्ही रेषा अर्ध्यावरच लोळल्या. म्हणते कशी, "ताई, कंट्रोलच बिघडलंय वाटतं. दुसऱ्या कुणाचं घेऊ या?" म्हणजे माझं रक्त खोटं! मी म्हटलं, "प्लेटलेट चिकटवायचं औषध तू कालवलंस, तेच मिळमिळीत झालंय." डॉक्टरबाई घाईत होत्या. "पेशंटची रेष ताईंसारखीच आहे ना? मग तो नॉर्मल. सोमवारी होऊ दे ऑपरेशन." नवीचं तोंड एवढंसं झालं. घरी येताना मी चक्क गुणगुणत होते.

७ मार्च
नवी जेवली नाही. बरं वाटलं.

९ मार्च, रविवार
आमचे हे औषधांचं कपाट आवरत होते. म्हणाले, "डोकेदुखीच्या दोन गोळ्या कमी आहेत. तू घेतल्यास?"

घेतल्या. मंगळवारी. नवीच्या कौतुकाने कपाळ ठणकत होतं म्हणून. त्या ॲस्पिरिनच्या गोळीने प्लेटलेट आठवडाभर नीट चिकटत नाहीत – शिकाऊ मुलांना हे मीच ओरडून सांगते! रक्त घेण्याआधी विचारायचं, गोळी घेतली का. मला कोण विचारणार?

म्हणजे नवीचंच खरं. पोस्टमन नॉर्मल नसेलही, आणि उद्या आठला त्याच्या पोटावर सुरी!

फोन उचलला, ठेवला. सांगितलं तर ती डोक्यावर बसेल. त्या माणसाचा जीव जाईल आणि मी अजून तिचाच विचार करतेय. लाज वाटते स्वतःची.

१० मार्च
काल डॉक्टरबाईंना फोन करून गोळ्यांचं सांगितलं. ऑपरेशन थांबलं. आज पुन्हा तपासणी – पोस्टमनची रेष लोळली, कंट्रोलची सरसर चढली. रजिस्टरात कंट्रोलपुढे नवीचं नाव मीच लिहिलं.