मोहाखाली शास्त्र

१५ मार्च, सकाळी ७
निवृत्तीचा संकल्प: रोज पहाटे मंजुषाबरोबर टेकडीवर फिरणे. उभा जन्म ऑफिसात गेला, आता बायकोला वेळ द्यायचा. शिवाय तिचं निसर्गप्रेम फार भाबडं. "किती छान!" यापुढे गाडी जात नाही. रोज एक शास्त्रीय माहिती देणार. दुर्बीण घेतली. पाखरांचा आवाज ओळखणारं ॲपही टाकलं.

१६ मार्च
मंजुषा म्हणाली, कोकिळा किती गोड गाते. सांगितलं, गातो तो नर. मादी कावळ्याच्या घरट्यात अंडी घालून पसार होते. मंजुषा झपाझप पुढे निघाली. विचारात पडली असावी.

१८ मार्च
पळस. तिने ओंजळभर फुलं वेचली. मी एकेक उलगडून परागकोश दाखवले. शेवटी ओंजळीत काही उरलं नाही, पण विषय पक्का झाला.

२१ मार्च
मंजुषाचे गुडघे धरले. एकटाच गेलो. ऐकायला कोणी नाही म्हणून मोठ्याने स्वतःलाच समजावलं. ॲपने मला टिटवी ठरवलं. अपडेट मारावं लागेल.

२५ मार्च
तांड्याजवळच्या मोहाखाली मंजुषा! तांड्यावरच्या भुरीबाईसोबत उकिडवी बसून फुलं वेचत होती. गुडघे ठणठणीत. चार दिवसांच्या विश्रांतीचा गुण.
जवळ जाऊन सांगितलं, या नुसत्या पाकळ्या नव्हेत, हा दलपुंज. भुरीबाई म्हणाली, साहेब, बाजूले व्हा, आमची फुलं चेंगरून राह्यले तुमी.

२६ मार्च
मंजुषाची अट: सोबत या, पण बोलायचं नाही. फार लागलं मनाला. कबूल केली.

२७ मार्च
पाऊण तास गप्प! मग झाडात एक पाखरू बोललं. मंजुषानेच विचारलं, हे कोणतं हो? रेंज नव्हती. म्हटलं, माहीत नाही. ती हसली. शेजारची जागा हाताने झाडून म्हणाली, मग बसा. दोघांनी ऐकलं. इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

२८ मार्च, दुपारी
नाव सापडलं!! जेवतानाच सांगितलं. शास्त्रीय नाव, विणीचा हंगाम, खाद्य, सगळं. वरण थंड झालं.

२८ मार्च, संध्याकाळी
मंजुषा उद्या माहेरी, कळंबला चालली. मीही येऊ का, विचारलं. म्हणाली, या ना, तिकडचा मोहाचा हंगाम संपला की.