आई कुणाचं ऐकते

प्रिय मिग्दालिया,

आई सुखरूप आहे, हे तुला कळलंच आहे. घर मात्र गेलं. ला कोलोमातल्या आपल्या गल्लीत आता वाळू आहे आणि कुणाकुणाची वाहून आलेली भांडी. सगळं गाव म्हणतं, "धाकटीनं मायामीहून फोन केला म्हणून म्हातारी वाचली." मी ऐकून घेते.

वादळ येणार होतं त्या आठवड्यात मी वेधशाळा सुटली की रोज आईकडे जात होते. ती काळा घेवडा निवडत बसायची आणि मी समजावत राहायचे. वादळ समुद्राच्या उबेवर पोसतं. खालचं पाणी जितकं गरम आणि वरचं आभाळ जितकं गार, तितकी त्याची ताकद वाढू शकते. बहुतेक वादळं त्या टोकापर्यंत पोचतच नाहीत. उंचावरचे वारे त्यांचा माथा मोडतात, नाहीतर ती स्वतःच समुद्र घुसळून तळचं गार पाणी वर आणतात आणि ढेपाळतात. या खेपेला उंचावर वारा नव्हता. आणि आपल्या दक्षिणेला ऊब इतकी खोलवर मुरली होती, की कितीही घुसळलं तरी वर गरम पाणीच येणार. "आई, याला अडवणारं काहीच नाहीये गं," मी म्हटलं. तर म्हणते कशी, "तू पहिल्यापासूनच घाबरट. मिग्दालिया काय म्हणते?"

मिग्दालिया काय म्हणते! अगं, तू बायकांचे केस कापतेस. वादळं बघण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं.

शेवटी मीच तुला फोन लावला. मी पढवलं तेच तू तिला सांगितलंस, तेही निम्मं चुकीचं. आई ताडकन उठली, कोंबड्या पोत्यात कोंबल्या आणि शेजारच्या एउसेबिओच्या ट्रकमध्ये पुढची जागा धरून बसली. वर मलाच म्हणाली, "चल ना, किती उशीर करतेस!" माझ्या घरी पोचेपर्यंत तुझं कौतुक चाललं होतं. दुसऱ्या दिवशी समुद्र गल्लीत शिरला. आई माझ्याजवळ होती, जिवंत होती, आणि मी मनात तुझ्यावर जळत होते. अजूनही जळते.

फोनवर हे बोलता येत नाही, आई शेजारीच असते. म्हणून तिकडे निघालेल्या एउसेबिओच्या पुतणीबरोबर हे पत्र पाठवतेय. काल आई म्हणाली, "घर गेलं. आता इथे माझं कोण आहे? मिग्दालियाकडेच जाते." मी समोरच उभी होते. रविवारी फोनवर ती तुला विचारेल. तुलाही ती हवी असणार, ते मला कळतं. तरी नाही म्हण. जागा नाही म्हण, कागद होत नाहीत म्हण, काय वाटेल ते सांग. तुझ्यावरचा तिचा राग चार दिवस टिकायचा नाही. माझ्या हातच्या भाताला रोज नावं ठेवू दे, पण ती मला इथे हवी आहे.

काही झालं तरी तुझीच,
सोराइदा