मामाने केलेली जोडवी

३ फेब्रुवारी
आज जाहीर केलं. करिष्माच्या लग्नातली जोडवी मी स्वतःच्या हाताने करणार. भाचीची जोडवी मामाने आणायची ही आमच्या घरची रीत. आणतात सगळेच, करत कोणी नाही. सिल्व्हर क्ले मिळते: चांदीची पावडर, मातीसारखी मळलेली. वळायची, सुकवायची, गॅसवर भाजायची. झाली चांदी. कमळाताईने, करिष्माच्या आईने, कपाळाला हात लावला. भारावली असणार. आमची निशा म्हणाली, निजामपुऱ्यात सोनार हाय की. बायकोचा विश्वास हवा तेव्हा नसतो.

९ फेब्रुवारी
पाकीट आलं. आत बारीक अक्षरांचं पत्रक. फेकलं. व्हिडिओ पाहिलाय, अर्धा.
वडप्याला ताईकडे जाऊन करिष्माच्या पायाच्या बोटाचं दोऱ्याने माप घेतलं. तेरा वर्षं गोडाऊनमध्ये डिस्पॅच बघतोय, माप माझं चुकत नाही.

११ फेब्रुवारी
जोडवी वळली. वर मोर काढला. रिया म्हणाली, पप्पा, कोंबडी का काढली? हल्ली शाळेत ड्रॉइंग नीट शिकवत नाहीत.

१५ फेब्रुवारी
भाजली. आधी खडूसारखी पांढरी. तारेच्या ब्रशने घासली आणि चमकली. डोळ्यांत पाणी आलं, खरंच.

१६ फेब्रुवारी
करिष्माच्या बोटात जात नाहीत. लग्नाच्या टेन्शनने पाय सुजलेत. मीठ कमी कर म्हणून सांगितलं.

संध्याकाळी
निशाने पिठाच्या डब्याखाली घातलेलं ते पत्रक काढून वाचून दाखवलं. भाजल्यावर क्ले आकसते, माप मोठं घ्यावं. आठवडाभर पत्रक घरात आणि ही गप्प. घरचाच माणूस दगा देतो.

२० फेब्रुवारी
दुसरं पाकीट. माप मोठं घेतलं. फार आकसू नये म्हणून गॅस मंद ठेवला, वेळही अर्धा. ही युक्ती पत्रकातही नाही.

२१ फेब्रुवारी
ब्रश लावला आणि एका जोडव्याचे दोन तुकडे. निशा म्हणाली, कच्ची ऱ्हायली. आता गॅसनेही दगा दिला.

२८ फेब्रुवारी
तुकडे ग्लूने चिकटवले. लाल डबीत, कापसावर. सांधा काही कळत नाही. फक्त हलवायची नाही. ताईला सांगावं का? उद्या सांगतो.

२ मार्च
सांगितलं नाही.
कशेळीहून वडप्यापर्यंत ट्रॅफिकमध्ये डबी मांडीवर. खड्डा आला की हातात उचलून धरली.
मांडवात नवऱ्याच्या बहिणीने, नेत्राने, डबी उघडली. मी डोळे मिटले. उघडले तर जोडवी बोटात, दोन्ही धड. वर मोर. हुबेहूब मोरासारखा.
निशाला बाजूला घेतलं. निजामपुऱ्यातल्या सोनाराला ऑर्डर चार फेब्रुवारीलाच दिली होती, तिने आणि ताईने, दोघींनी मिळून. मोर मागाहून सांगितला. सकाळी मी आंघोळीला गेल्यावर डबीतली जोडवी बदलली. ताईला विचारलं तर म्हणाली, माझी शिलाई मशीन तू दुरुस्त केली व्हतीस, तवाच मी शानी झाले. सख्खी बहीण. महिनाभर दोघी तोंडावर हसत होत्या. फार लागलं मनाला.
तेवढ्यात करिष्मा पाया पडली. म्हणाली, मामा, मी सगळ्यांना सांगत व्हते, माझा मामा करणार म्हंजे करणार. बघा कशी मापात बसली.
तिला कोणी काही सांगितलेलं नाही.
मीही नाही.