युसराचं स्वस्त तिकीट आणि आमचे किलो

हवल्ली, कुवेत

प्रिय प्रभाकर यास,

अकबरचा सलाम. उत्तराला उशीर झाला, राग धरू नकोस. रोज लिहायला बसतो आणि काळजी वाटून उठतो. तुझी साखर कशी आहे? वहिनींच्या डोळ्याची पट्टी निघाली का? मी रक्तदाब सोडून बरा आहे. (हे पत्र सूनबाई असमा फोटो काढून तुला पाठवणार, म्हणून तिच्या हातच्या जेवणाबद्दल तक्रार नाही.)

थोरली नात नाझिया हिचा निकाह येत्या शुक्रवारी लिस्बनला आहे. धाकटी युसरा अमेरिकेत बोस्टनला शिकते. नाझियाने बजावलंय, युसरा आल्याशिवाय मी कबूल म्हणणार नाही. तौफीक, म्हणजे त्यांचा बाप, सरळ तिकीट काढून देत होता, पण पोर ऐकेना. तिने काय केलं बघ. लिस्बनचं भाडं विचारलंच नाही. अमेरिकेतून युरोपातल्या कुठल्याही गावी, कुठल्याही दिवशी, सगळ्यात स्वस्तात कोण नेतो ते मोबाइलवर शोधलं. निघालं पॅरिस, मंगळवारचं. बुधवारी सकाळी तिथे उतरायचं आणि संध्याकाळी दुसऱ्या कंपनीच्या छोट्या विमानाने लिस्बन. अख्खा समुद्र ओलांडून भाडं किती, तर आम्ही मे महिन्यात कुवेतहून मुंबईला येतो त्याहून कमी. मी जन्मभर तिकीट काढलं ते एजंट यासिरच्या दुकानात चहा पिऊन, तो सांगेल त्या भावाने. त्याला हे दाखवलं तर बराच वेळ चष्मा पुसत बसला. म्हणाला, "चाचा, पोरीला माझ्याकडे नोकरीला पाठवा."

कौतुक पोटात राहीना. जुम्म्याच्या नमाजानंतर चारचौघांत सांगितलं. इथली रीत तुला ठाऊक नाही. कोणी प्रवासाला निघाला की लोक तब्येत नंतर विचारतात, आधी विचारतात, "किलो शिल्लक आहेत का?" मी म्हटलं, आहेत की. विमान म्हटलं की तीस किलो सामान आलंच, अशी माझी समजूत. मग काय, या मंडळींचे बोस्टनचे भाऊ-भाचे युसराच्या खोलीवर आहेर टाकून गेले. गालिचा, बदामाचं पोतं, शिलाई मशीन. (मशीन मीच मागवलं होतं. लिस्बनला शिंपी कसे असतील कोण जाणे.)

आणि तिच्या तिकिटात एकच पिशवी, सीटखाली मावेल एवढी. फोनवर विचारलं, "अगं, लग्नाचे कपडे कुठे?"

"अंगावर, आजा. तीन ड्रेस, एकावर एक."

"आणि मशीन?"

"मशीन अंगावर नाही घालता येत, आजा. बट इट्स ओके. तुम्ही शब्द दिलाय ना, पॅरिसपर्यंत आणते."

मोठ्या विमानात जादा पैसे भरून सामान येईल. छोट्यात सामानाची जागाच संपलीय. लोकांच्या वस्तू टाकून ती पुढे जाणार नाही, आणि ते विमान चुकलं तर सुट्ट्यांमुळे पुढची जागा थेट शनिवारी. निकाह शुक्रवारी. माझ्या बढाईपायी नाझिया हटून बसायची. एरवी युसरा हुशार आहे, तिची मुळीच काळजी नाही.

तुझा,
अकबर

ता. क. तुझा नातू आशय पॅरिसलाच शिकतो ना? बुधवारी त्याने विमानतळावर जाऊन युसराकडचं सामान ताब्यात घ्यावं. पुढे सवडीने पाठवू. मी सांगितलं असं तिला कळू देऊ नये.

ता. क. दुसरा. आत्ताच युसराचा फोन आला. तिने आशयला परवाच गाठलं, तो येतोय, आणि निकाहालाही येणार म्हणून तिने त्याचंही स्वस्त तिकीट, बसचं, शोधून दिलंय. तरी तू त्याला एकदा विचार आणि मला लगेच कळव. म्हाताऱ्याने काळजी करू नये म्हणून ही पोरं काहीही सांगतात.